घरच्या माणसाचं माप

दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं. म्हणजे दुकान धड बंदही नव्हतं आणि धड उघडंही नव्हतं. येणारं गिऱ्हाईक वाकून आत डोकवायचं, घरची सगळी मंडळी कटिंगच्या टेबलाभोवती तोंडं पाडून बसलेली दिसली की "येतो मी नंतर" म्हणत काढता पाय घ्यायचं. शटरखालून आलेलं ऊन टेबलाच्या पायांपर्यंत सरकलं होतं. त्या उन्हात दोऱ्यांचे बारीक तंतू तरंगत होते, वर जात होते, पुन्हा खाली येत होते, आणि वहिनी ट्रायल रूमच्या पडद्याला टेकून मघापासून त्यांच्याकडेच बघत होती. बसायला स्टूल होतं, पण बसावंसं वाटत नव्हतं.

"परवा जहाज निघणार," सासूबाई म्हणाल्या. "उद्याच्या गाडीनं तुम्ही दोघं निघणार. मग शर्ट आज नको का कापायला? सगळे मूग गिळून का बसलेत?"

नव्वदी गाठलेल्या सासूबाईंना आता उजेड आणि सावली, एवढंच कळायचं. बाकीचं सगळं बोटांनी. त्यांच्यासमोर पांढऱ्या सुती कापडाची घडी होती, सकाळीच पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री केलेली. नवं कापड भिजवल्याशिवाय कात्री लावायची नाही, पहिल्या धुण्यात शर्ट आटला की शिंप्याची अब्रू गेली. या शर्टाला समुद्राशिवाय दुसरं पाणी लागणार नव्हतं, तरी सासूबाईंनी हा नियम मोडू दिला नव्हता.

त्यांच्या एका हाताला अक्का, त्यांची मोठी लेक. लग्नाबिग्नाच्या भानगडीत न पडता तिनं सारा जन्म या टेबलाशी उभं राहून कात्री चालवली होती, आणि कात्रीच्या बरोबरीनं जीभही. दुसऱ्या हाताला मास्तर, म्हणजे थोरला मुलगा आणि वहिनीचा नवरा. मशीनवर बसून बसून पोट सुटलेलं, पण हात असा हलका की कोट शिवून घ्यायला लोक दुसऱ्या गावाहून यायचे. समोर त्यांची लेक, शाळेत गणित शिकवणारी. तिनं खास रजा टाकली होती, कारण परवा बापाबरोबर समुद्रावर तीच जाणार होती.

धाकट्याचं जहाज सापडलं होतं. युद्धात बुडालेलं, इतकी वर्षं ज्याचा ठावठिकाणा नव्हता ते. समुद्राचा तळ मोजत निघालेल्या लोकांच्या यंत्राला ते लागलं, आणि नौदलानं शोधून शोधून एकेका घरी फोन केला. त्या जागेपर्यंत नेऊ, म्हणाले. कुणाला पाण्यात काही सोडायचं असेल तर सोडा. फोन लेकीनं घेतला होता. ऐकून झाल्यावर ती बराच वेळ रिसीव्हर हातात धरून उभी होती, कारण या घरात समुद्र पाहिलेला माणूस एकच होता आणि तो तिथेच राहिला होता.

धाकटा गेला, असं या घरात कधी कुणी म्हणालं नव्हतं. तो बाहेर होता. बाहेर असलेल्या माणसाचा वाढदिवस येतो तसा त्याचाही आला, तेव्हा सासूबाईंनी त्याच्यासाठी शर्ट शिवून ठेवला, रजा मिळाली तर अंगावर घालायला काही हवं म्हणून. तो आला नाही. पुढच्या वर्षी अक्का म्हणाली, आता खांदे भरले असतील त्याचे, थोडं सैल घेऊ. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी थोडं. असं करत करत धाकटा या टेबलावर तिशीचा झाला, चाळिशीचा झाला, साठीला टेकला. कागदाच्या साच्यावर दरवर्षी वाद व्हायचे. मान जरा पुढे आली असेल. छे, त्याची पाठ ताठच राहिली असणार. शर्ट शिवून झाला की ज्याला बसेल त्याला देऊन टाकायचा. औषधाच्या दुकानवाल्याला, बसच्या ड्रायव्हरला, पेटी शिकवणाऱ्या मास्तरला. धाकट्याच्या वयाची माणसं धाकट्याचे शर्ट घालून गल्लीतून जायची, आणि डोळे चांगले होते तोवर सासूबाई पायरीवर बसून त्यांना पाठमोरं बघत राहायच्या. समोरून कधी बघत नसत.

आणि यंदा त्यांनीच सगळं उलटं केलं होतं.

"मागल्या वर्षीचा साचा नको," त्या कालच म्हणाल्या होत्या. "हा शर्ट त्याच्याकडे जायचाय. तिथे जो आहे, त्याला बसला पाहिजे. तिथे कुठे वय वाढतंय?"

एवढं साधं बोलणं, पण त्यानं घराची पाचावर धारण बसली. कारण साचा होता तो साठीच्या माणसाचा. कागद जीर्ण झाला की अक्का तो नव्या कागदावर उतरवून घ्यायची आणि जुना चुलीत जायचा. धाकट्याचे जुने कपडे शोधावेत, तर शिंप्याच्या घरात कापड पडून राहत नाही, त्याचे सगळे शर्ट उसवून, बगलेत पट्ट्या घालून मास्तरांनी कधीच वापरून फाडले होते. आणि मापाच्या वहीत बघावं, तर तिथे गावातल्या झाडून सगळ्यांचं माप होतं, फक्त घरच्यांचं नव्हतं. घरच्या माणसाचं माप लिहायचं नाही, हा सासऱ्यांचा नियम. गिऱ्हाइकाचं लिहून ठेवावं लागतं, ते म्हणायचे, घरचा माणूस तर रोज डोळ्यांसमोर असतो.

तेव्हा वयात आलेल्या पोराचं माप काय होतं, हे या शिंप्यांच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

वहिनीला ठाऊक होतं. काल सासूबाईंच्या तोंडून ते वाक्य निघालं, आणि रात्रभर तिनं दोन्ही हात पांघरुणाबाहेर ठेवले होते, ते आपले नसून कुणीतरी ठेवायला दिलेले असावेत तसे. सांगितलं तर कसं ठाऊक हेही सांगावं लागणार होतं, आणि तेही नवऱ्यासमोर. ज्या माणसानं इतक्या वर्षांत तिला एका शब्दानं दुखवलं नव्हतं, रोज सकाळी स्वतः चहा करून उशाशी आणून ठेवला होता, त्याच्यासमोर.

"फोटोवरून काढता येईल," लेक म्हणाली. धाकट्याचा जहाजावरचा एकुलता एक फोटो तिनं टेबलावर ठेवून वर फूटपट्टी ठेवली होती. "शेजारी काहीतरी हवं फक्त, ज्याचं माप आपल्याला माहितीये. मग गुणोत्तर मांडता येतं."

"शेजारी काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

"कठडा."

"कठड्याचं माप तुला माहितीये?"

"नाही."

"मग मांड गुणोत्तर," अक्का म्हणाली. "आणि त्या गणवेशात माणूस आहे की खुंटी, तेही कळत नाही. कुणी शिवला होता देव जाणे. खांदा बघ कुठे उतरलाय. मी तेव्हाच म्हटलं होतं, कापड पाठवा म्हणावं, आम्ही शिवून देतो."

"आत्या, मी सकाळी नौदलाच्या लोकांनाही विचारलंय. भरतीच्या वेळी मापं घेतात ना, ती जुन्या कागदांत असतील म्हणून." लेकीनं एकवार सगळ्यांकडे बघितलं. "त्यांनी शोधलं हो बिचाऱ्यांनी. सापडलंही."

"मग?" सासूबाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"तिथे फक्त 'मध्यम' लिहिलंय."

अक्काच्या नाकपुड्या फुगल्या.

"मध्यम!" ती म्हणाली. "आमच्या घरातला माणूस, आणि मध्यम!"

"लहान, मध्यम, मोठा, असे तीनच गणवेश असायचे म्हणे, आत्या."

"असतील. गोण्या शिवायच्या असल्या की तेवढी मापं पुरतात."

मास्तर हसले. त्यांच्या हसण्यानं सगळे जरा सैलावले, वहिनीलाही क्षणभर वाटलं की आता हे असंच हसण्यावारी जाईल, अंदाजानं एक शर्ट कापला जाईल आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. मास्तरांनी साचा जवळ ओढला. "अंदाजानं घेऊ," ते म्हणाले. "मी त्याला पाहिलंय की. रुंद होता तसा. छाती भरलेली. दारातून आत आला की दार भरायचं."

"कोण?" अक्का म्हणाली.

"धाकटा."

"धाकटा रुंद होता?"

"होताच. पहिल्यापासून अंगानं मोठा."

"काहीतरीच बोलू नकोस." अक्कानं साच्याच्या कडेवर बोट आपटलं. "हे सगळं तू वाढवलंयस. दरवर्षी मी म्हणायची, राहू दे, एवढं नाही वाढत माणसाचं अंग. आणि दरवर्षी तू म्हणायचास, पोट सुटलं असेल त्याला, आपल्या घराण्याचंच आहे ते. तुझी कंबर वाढली की त्याची वाढायची. दोन वर्षांपूर्वी तुझा शर्ट चुकून त्याच्या साच्यावर कापला मी, आणि तुला चोख बसला. त्याला तू आपल्याच मापाचा करून टाकलास."

"मग काय झालं? भाऊच आहे माझा."

"भाऊ आहे म्हणूनच म्हणते. निदान एक माणूस तरी या घरात बारीक राहू द्यायचा होतास."

मास्तरांचा चेहरा उतरला. ते टेपचं टोक बोटाभोवती गुंडाळायला लागले, सोडायला लागले. त्यांच्या गळ्यात तो टेप इतका कायम असायचा की झोपताना काढून ठेवला की मान उघडी वाटते म्हणायचे. वहिनीनं नवऱ्याकडे बघितलं आणि तिला त्यांची फार दया आली. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच धाकटा तसा आठवत होता, रुंद, दार भरून उभा असलेला. तो दारात का उभा होता आणि कुठल्या दारात, हे तिला एकटीलाच कळत होतं.

"बाबा, तुम्ही आणि आत्या भांडून काय होणार?" लेक म्हणाली. "आई, तू सांग. तू समोरच राहायचीस ना तेव्हा? तुझ्या वडलांचं बटणांचं दुकान होतं. तू तर रोज बघत असशील काकाला."

टेप गुंडाळणारं बोट थांबलं.

"मी आतून दोरा घेऊन येते," वहिनी म्हणाली, आणि दोरा कुणी मागितला नव्हता.

आतल्या खोलीत कापडाचे तागे भिंतीला टेकवून उभे होते. दुपारी इथे नेहमी अंधार असायचा आणि खळीचा वास यायचा. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा पहिले काही महिने कुणाचं लक्ष नसलं की ती इथे येऊन उभी राहायची. तागे माणसांसारखे उभे असायचे. एखाद्याला हात घालून बघायची. हा जाड, हा फार बारीक. मग एक दिवस मास्तरांनी तिला विचारलं, तुला इथे करमत नाही का? तसं विचारल्यावर तिला आपलीच लाज वाटली, आणि पुढे ती त्या खोलीत फक्त कापड काढायलाच गेली. हळूहळू तिला करमायलाही लागलं. मुलगी झाली, दुकान वाढलं, मास्तरांच्या जाडजूड पाठीला टेकून झोपायची सवय झाली, आणि ती सवय सुखाची होती. कुणी विचारलं असतं तर तिनं हे शपथेवर सांगितलं असतं.

पण ट्रायल रूमच्या पडद्यामागची ती दुपार काही गेली नव्हती. ती तिथेच होती, आरशाजवळ. बटणांचे नमुने घेऊन ती आली होती, आणि धाकटा नवा शर्ट घालून बघत होता, उद्याच्या प्रवासाचा. तो तिला बटण म्हणायचा. "ए बटण," म्हणाला, "बघ ना, पाठीत कसा बसलाय." तिनं बघितलं नाही. तिनं दोन्ही हातांनी त्याला धरलं, आणि तो हसायचा थांबला. बाहेर मशीन चालू होतं. नव्या कापडाखाली त्याचं काळीज उडत होतं, त्याला किती भीती वाटत होती हे तिला तेव्हा कळलं, आणि ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

"वहिनी."

अक्का दारात उभी होती. तिनं दार मागे लोटून घेतलं.

"तू काही बोलणार नाहीयेस," ती म्हणाली.

"कशाबद्दल?"

"माझ्याशी नाटकं नकोत. पडद्याखालून पाय दिसतात ग. तेव्हा मी टेबलाखाली पडलेला खडू उचलायला वाकले होते. चार पाय होते. तुझ्या एका चपलेचा अंगठा तुटलेला होता."

वहिनी ताग्याला टेकली. इतक्या वर्षांनंतरही तिचे कान तापले. "आणि तुम्ही आजवर बोलला नाहीत?"

"काय बोलायचं होतं? दोघांचं जमलंय हे सगळ्यांना दिसत होतंच. तो परत आला की उरकून टाकू म्हणत होती आई. पुढे तो आला नाही, आणि आईनंच तुला थोरल्यासाठी मागितलं. तू हो म्हणालीस. तेव्हाच मी कानाला खडा लावला की यावर बोलायचं नाही." अक्काचा आवाज खाली आला. "मघाशी मी थोरल्याला टाकून बोलले, ती माझी जीभच तशी. पण माझा भाऊ वरून जाड दिसतो, आतून फार पातळ आहे. जमलं होतं हे त्याला माहीत आहे. डोळ्यांसमोर उभं राहील असं काही त्याला माहीत नाही. ते कशाला द्यायचं त्याला या वयात? शर्ट चुकला तर चुकला. समुद्राला काय कळतंय माप?"

"आईंना कळेल."

"आईला दिसत नाही."

"त्या हात लावून बघतील, अक्का."

अक्कानं वहिनीचा हात धरला आणि दाबला. "हात जोडते तुला," ती म्हणाली. अक्कानं कुणाला हात जोडल्याचं वहिनीनं आजवर ऐकलंसुद्धा नव्हतं.

ठरलं मग, बोलायचं नाही. दोघी बाहेर आल्या तेव्हा वहिनीच्या हातात खरंच एक दोऱ्याचं रीळ होतं, आणि ते काळं होतं.

बाहेर ऊन टेबलावर चढलं होतं. सासूबाईंचे दोन्ही हात पांढऱ्या कापडावर पसरलेले होते आणि त्या नातीशी बोलत होत्या, पण आवाज असा, की जागेपणी बोलतायत की झोपेत तेच कळू नये.

"मी रोज त्याला बघते ग," त्या म्हणत होत्या. "डोळे गेले ते बरंच झालं, आता तो सरळ समोर येऊन बसतो. पण येतो तो टक्कल पडलेला. चष्मा लावलेला. धापा टाकत जिना चढतो, म्हणतो, आई, गुडघे दुखतात. मी म्हणते, बाबा, तू जरा आधीचा होऊन ये ना. जाताना होतास तसा ये. तो म्हणतो, कसा होतो?" त्या थांबल्या. "मला सांगताच येत नाही. दरवर्षी त्याला मोठा करत गेले, करत गेले, आणि गेला तो पोरगा माझ्या हातून सुटला. मला तो दिसतच नाही. जहाज तिथे सापडलं म्हणतात, त्यात आहे कोण तेच मला ठाऊक नाही. एवढं एक माप मिळालं असतं तर हातांना तरी कळलं असतं."

लेकीनं आजीच्या हातावर हात ठेवला. मास्तर मान खाली घालून बसले होते. अक्कानं खडू उचलला, आणि तो कापडाला लावायच्या ऐवजी उगीच त्याची धार काढायला लागली.

वहिनीनं रीळ खाली ठेवलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

अक्काच्या हातातला खडू मोडला.

"काय माहीत आहे ग?" सासूबाईंनी मान वळवली, आवाज आला त्या बाजूला.

"माप. त्यांच्या छातीचं." इतक्या वर्षांत ती धाकट्याला लोकांसमोर 'ते' म्हणत आली होती. तोंडाला तीच सवय होती.

"आई, तुला कसं माहीत?" लेकीनं विचारलं. या प्रश्नाच्या उत्तराचा अंदाजही नसलेली त्या खोलीत ती एकटीच होती.

वहिनीला खोटं सांगता आलं असतं. बटणं लावताना घेतलं होतं माप, एवढं पुरलं असतं. पण तिनं नवऱ्याकडे बघितलं. ते वर बघत नव्हते, आणि ती जे सांगणार ते ऐकायला कितीतरी वर्षांपासून बसून असावेत, तसे बसले होते.

"जायच्या आदल्या दिवशी," ती म्हणाली, "इथे, या पडद्यामागे, मी त्याला कवेत घेतलं होतं. एकदाच. माझा हा हात या कोपराच्या पुढे पोचला होता, आणि हा या कोपराच्या. तेवढा होता तो."

मशीनवरचा पंखा फिरत होता. बाहेरून कुणीतरी वाकून आत बघितलं आणि काही न बोलता गेलं. मास्तर उठले. खुर्ची मागे सरली, जमिनीवर घासली गेली. वहिनीला वाटलं, आता हे शटरखालून वाकून बाहेर जातील, आणि त्यांना वाकताना त्रास होतो, गुडघ्यात कळ येते. अशा वेळी मनात हे यावं याचं तिला नवल वाटलं. पण ते बाहेर गेले नाहीत. टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर आले आणि त्यांनी गळ्यातला टेप काढला.

"दाखव," ते म्हणाले. "कसे होते हात?"

"अहो, राहू द्या."

"दाखव ना."

तिनं हात पुढे केले. रिकाम्या हवेभोवती ते आपण होऊन वळले, उजवा डाव्याखालून गेला, बोटं कोपरांच्या पलीकडे पोचली आणि तिथे घट्ट बसली. शोधावं लागलं नाही. अक्का पुटपुटली, "हात तेवढेच राहतात माणसाचे. सगळं वाढतं, हात नाही वाढत." मास्तरांनी टेपचं टोक बायकोच्या छातीशी धरलं आणि हातांच्या आतल्या बाजूनं तो फिरवत नेला, दंडाला लावून, मनगटाला लावून, कोपराशी कुठे सुटू नये म्हणून अंगठ्यानं दाबत. हजारो माणसांची मापं घेतलेली बोटं.

"श्वास सोड," ते म्हणाले. गिऱ्हाइकाला म्हणायचे तसंच, सवयीनं.

वहिनीनं श्वास सोडला. टेप पूर्ण फिरून आला. जिथे तो स्वतःला भेटला तिथे मास्तरांनी चिमटीत पकडला, तसाच धरून टेबलाशी आणला आणि पांढऱ्या कापडावर गोल करून ठेवला. आकडा कुणी वाचला नाही. सगळे त्या गोलाकडे बघत राहिले.

"एवढाच?" लेक म्हणाली.

सासूबाईंचे हात कापडावरून सरकत आले. बोटं टेपच्या कडेला लागली, बाहेरून फिरली, मग आत शिरली. कितीतरी वेळ त्या त्या रिकाम्या जागेत हात फिरवत होत्या. त्यांचा चेहरा बदलत गेला. "हा," त्या म्हणाल्या. "हा बघ. हाच. आला."

मास्तरांनी मात्र गोल सोडला नव्हता. चिमूट तशीच होती.

"मला वाटायचं, मोठा माणूस होता," ते म्हणाले. कुणाला, ते कळत नव्हतं. "तू घरात आलीस तेव्हापासून तो मला दारात उभा दिसायचा. जेवायला बसलो की उभा. मला वाटायचं, केवढा आहे हा, याच्या बाजूनं कसं जायचं. म्हणून मी त्याला वाढवत गेलो. वाटलं, माझ्याएवढा झाला की मला दिसणार नाही." त्यांनी टेपच्या गोलाकडे बघितलं. "हा तर पोर होता ग. आपल्या पोरीहूनही लहान. आणि मी इतकी वर्षं..."

ते सगळ्यांसमोर रडायला लागले, मोठी माणसं रडतात तसं वाईट, नाक ओढत. लेक उठायला लागली, तर अक्कानं तिला डोळ्यांनीच बसवलं. वहिनी नवऱ्याच्या शेजारी स्टुलावर येऊन बसली. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या रुंद पाठीवर तो हात निम्म्यापर्यंतही पोचत नव्हता.

"भीती वाटत होती हो त्याला," ती हळूच म्हणाली. "जायच्या आधी. छाती नुसती उडत होती."

मास्तरांनी मान हलवली. लहान भावाबद्दल काही सांगितल्यावर मोठा भाऊ हलवतो तशी.

बऱ्याच वेळानं त्यांनी बाहीनं तोंड पुसलं. कापड नीट ओढून घेतलं, सुरकुती हातानं सपाट केली, आणि अक्कानं पुढे केलेला मोडका खडू घेतला. छातीची खूण केली. गळ्याची विचारली, ती वहिनीनं सांगितली. मग खडू कापडावर टेकवून ते थांबले.

"लांबी किती धरू?" त्यांनी विचारलं. "माझ्याहून उंच होता ना तो?"

"नाही हो," वहिनी म्हणाली. "तुमच्या खांद्याला लागायचा."